टाकी

दारांवर नंबर मीच घातले होते.
लाल ऑइलपेंट, बोटभर रुंद ब्रश,
बारा दिवसांत चारशे एकसष्ट दारं.
वडारवाडीच्या वरच्या अंगाला एक दार नव्हतंच,
साडी होती.
मग उंबऱ्याच्या दगडावर लिहिलं, ब-११७.

"टाकी आहे का?" मी फॉर्म बघून विचारलं.
"हाय की," म्हणाली हुलगव्वा विटकर,
आणि आतून छिन्नी घेऊन आली,
वीतभर, टोकाला झिजलेली.
मला पाण्याची विचारायची होती.
दोघी हसलो.
रकान्यात मी "नाही" लिहिलं,
व्यवसायापुढं "इतर".

पाट्यांना टाकी लावते ती.
मॉडेल कॉलनी, प्रभात रोड, पार कोथरूडपर्यंत हाळी.
मिक्सर आले तरी वर्षातून एकदा
कुणाची तरी चटणी अडतेच.

अहवालात साहेबांनी शब्द घातला : सामाजिक सरमिसळ.
नकाशात दोन इमारती, मध्ये हिरवं,
हिरव्यात संगणकानं उभी केलेली माणसं.
त्यांना तोंडं नव्हती, त्यामुळं छान मिसळत होती.
मी विचारलं, गेट एक का दोन?
"ते नंतर बघू."
दुपारी सगळे मिसळ खायला गेलो.
साहेबांनी रस्सा वेगळा मागवला.

गेटं दोन झाली.
आमच्या लोकांचं मागं, नाल्याच्या अंगानं.
मधल्या भिंतीवर काचा नाहीत, बोगनवेल आहे.
एवढी सुधारणा.

खोटं कशाला बोलू.
सातव्या मजल्यावर हुलगव्वाच्या घरात नळ आहे.
संडासाला आतून कडी आहे.
तिची नात रेश्मा कडी लावून अर्धा अर्धा तास बसते,
पुस्तक घेऊन, नुसतीच.
"एवढी एकटी मी कधीच नव्हते," म्हणाली,
आणि ती तक्रार नव्हती.

लिफ्ट बंद आहे. मेंटेनन्स थकलाय.
खालच्या दोघांनी घरं भाड्यानं देऊन उरुळी गाठली.
आणि ब-११८, नूरमहंमद कल्हईवाला,
ज्याचं सगळ्यात जुनं वीजबिल
मुदतीच्या दोन महिने पुढचं निघालं,
तो कुठं गेला मला ठाऊक नाही.
"अपात्र" हे अक्षर माझं आहे.
शेवटच्या त्र ला शेपूट जरा जास्त.

घरात टाकी चालवली की भिंतीभिंतीतून घुमते.
सहाव्यावरून, आठव्यावरून माणसं येतात,
आपलीच, जन्मभर दगड ऐकलेली,
म्हणतात, मावशी, इथं नको.

गेल्या रविवारी पलीकडून बोलावणं आलं.
बाविसावा मजला, मैथिली दाबके.
हौसेनं पाटा घेतलाय, वाटण नुसतं सरकतं.
भिंतीच्या पलीकडं बारा पावलं.
हुलगव्वा नाल्यावरून, मोठ्या रस्त्यानं, वळसा घालून गेली.
गेटवर वॉचमन तिचाच भाचा, तिम्मा.
तरी फोटो काढावा लागला,
तरी वहीत लिहावं लागलं, कुठून आलात.
तिनं भिंतीकडं बोट केलं.
त्यानं लिहिलं, "बाहेरून".

हिरवळीवर पोतं अंथरून बसली,
नकाशातल्याच हिरव्यावर.
आवाज होईल असा मेसेज आधीच फिरला होता.
टक्, टक्, टक्.
कुणी तक्रार केली नाही.
एकानं व्हिडिओ काढला.
रेश्मा सांगत होती, आत बसून ओळखलं मी, आज्जीचा हात आहे.

हे सगळं ऐकायला मी सात मजले चढून गेले होते,
घोट घोट पाणी पीत.
मोरीत उंबऱ्याचा तो दगड दिसला.
वर आणलाय, त्यावर कपडे धुते.
माझा लाल रंग कधीच गेलेला,
पण ब-११७ होतं तिथंच,
खोल, सुबक, माझ्या वळणाचं.
"रंग ऱ्हात न्हाई," हुलगव्वा म्हणाली,
"म्हून टाकीनं मारून घेतला.
पुन्हा कुणी मोजाय आलं तर?"